सूतिकेचा स्तनशोथ : विस्मृत झालेले दोन नियम

सूतिकेच्या स्तनात गाठ येणे, स्तन लाल व उष्ण होणे आणि थंडी वाजून ताप भरणे ही तक्रार आपल्या सर्वांच्या नित्य परिचयाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार स्तनशोथाचे प्रमाण बहुतेक पाहण्यांत १० टक्क्यांच्या आत, तर काहींत ३३ टक्क्यांपर्यंत आढळले. बहुसंख्य रुग्णा प्रसूतीनंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांतील, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातील असतात. आपल्याकडे हा काळ माहेरच्या बाळंतपणाचा असतो. साहजिकच रुग्णा प्रथम रुग्णालयात न जाता जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येते. म्हणूनच या व्याधीत आपला पहिला सल्ला निर्णायक ठरतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. व्यवसायाच्या दुसऱ्याच वर्षी एक गृहिणी दवाखान्यात आली. प्रथम प्रसूतीसाठी माहेरी आलेल्या तिच्या मुलीला तिसरा आठवडा चालू होता. “डॉक्टर, पोरीच्या छातीत दूध गोठलंय, तापही आहे,” एवढेच तिने सांगितले. मुलगी बाहेर रिक्षात बसून होती. तिला आत बोलावून स्तन तपासण्याचा मला संकोच वाटला. जवसाचे पोटीस गरम करून बांधावे आणि त्या बाजूचे दूध बाळाला पाजू नये, असे सांगून मी गुग्गुळकल्प दिला. चौथ्या दिवशी मुलगी स्वतः आली तेव्हा त्वचा ताणून चकाकत होती व गाठीत पू जाणवत होता. शल्यतज्ज्ञांकडे पाठवून छेद द्यावा लागला. पुढे कित्येक दिवस व्रणोपचार चालले. तोवर बाळ बाटलीच्या दुधावर गेले, त्यास अतिसार झाला आणि आईचे स्तन्यही आटले. त्या मातेचा काहीही दोष नव्हता. दोष न तपासता दिलेल्या सल्ल्याचा होता.

संहितेतील मार्गदर्शन

त्यानंतर मी सुश्रुतसंहिता पुन्हा उघडली. निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात आचार्यांनी सांगितले आहे की कन्येच्या स्तनवाहिन्या संवृत असतात, तर गर्भिणी व प्रसूता यांच्या विवृत होतात. त्यामुळे दोष स्तनात प्रवेश करून रक्त व मांस दूषित करतात. स्तनरोग पाच असून रक्तज वगळता त्यांची लक्षणे बाह्य विद्रधीप्रमाणे असतात. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात विद्रधीचीच चिकित्सा स्तनरोगात करावयास सांगितली आहे. मात्र तिला दोन मर्यादा घातल्या आहेत.

पहिली मर्यादा अशी की शोथ पच्यमान झाला तरी उपनाह बांधू नये. स्तन हा मृदुमांसाचा अवयव असल्याने उपनाहामुळे तो त्वरेने कुजतो व विदीर्ण होतो. दुसरा नियम असा की आम, विदाही व पक्व या तिन्ही अवस्थांत स्तनांतील दूध काढत राहावे. पक्वावस्थेत शस्त्रकर्म करावे, पण दुग्धवाहिन्या व चूचुक टाळून. मी ज्या दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या नेमक्या या दोन नियमांच्या विरुद्ध होत्या. परीक्षेसाठी पाठ केलेले हे वचन प्रत्यक्ष प्रसंगी आठवले नाही.

काश्यपसंहितेतील स्तनकीलकाच्या वर्णनातही स्तन्य पिळून काढणे व शीत उपचार यांना स्थान आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

आधुनिक मताशी संवाद

स्तन्यपान वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०२२ साली स्तनशोथाविषयीच्या आपल्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. स्तन पूर्ण रिकामा करणे, जोराने मर्दन करणे व उष्ण शेक देणे हा पूर्वीचा प्रचलित उपदेश त्यांत मागे पडला आहे. सुरुवातीचा स्तनशोथ पुष्कळदा जंतुजन्य नसून वाहिन्यांभोवतीच्या शोफामुळे होतो, म्हणून शीत उपचार, विश्रांती, शोथहर औषध व बाळाच्या मागणीनुसार स्तन्यपान यांवर भर दिला आहे. जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविके द्यावीत. त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू प्रमुख आहे. तीव्र स्तनशोथाच्या सुमारे ३ ते ११ टक्के रुग्णांत विद्रधि होतो.

उष्ण उपनाहाचा निषेध येथे सुश्रुतमताशी जुळतो. दूध काढण्याबाबत मात्र विवेक हवा. सतत दूध काढावे या वचनाचा अर्थ पंपाने वारंवार ओढून स्तन कोरडा करावा, असा घेऊ नये. जेवढे अधिक दूध काढावे तेवढे अधिक तयार होते आणि शोफ वाढतो. बाळ पीत असेल तर त्याचे पिणे पुरेसे आहे. बाळास ओढता येत नसेल किंवा स्तन दाटून आला असेल तर आराम वाटण्याइतकेच दूध हाताने हळुवार काढावे.

व्यवहारातील क्रम

१. रुग्णेस प्रत्यक्ष तपासावे. पुरुष वैद्याने तिची आई, सासू किंवा परिचारिका यांच्या उपस्थितीत, संमती घेऊन तपासणी करावी. संकोचापोटी न तपासणे हा उपचार नव्हे. शोथ आम, पच्यमान की पक्व हे स्पर्शाशिवाय ठरत नाही. आम शोथ छेदणारा व पक्व शोथाची उपेक्षा करणारा अशा दोघांनाही सुश्रुतांनी सारखाच दोष दिला आहे.

२. स्तन्यपान दोन्ही बाजूंनी चालू ठेवावे. संसर्ग झालेल्या स्तनाचे दूध निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळास सामान्यतः अपाय करीत नाही. अचानक दूध थांबविल्याने मात्र स्तन दाटतो व विद्रधीचा धोका वाढतो. माता एचआयव्हीबाधित असल्यास तज्ज्ञांचा सल्ला त्वरित घ्यावा.

३. बाळाची पकड पाहावी. केवळ स्तनाग्र तोंडात असेल तर त्यास भेगा पडतात व जंतूंना वाट मिळते. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही शक्य तितका बाळाच्या तोंडात जावा.

४. पाजल्यानंतर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. आमावस्थेत दशांगलेप तुपात कालवून पातळ लावता येतो. स्तनाग्र व त्याभोवतीचा भाग मोकळा ठेवावा, लेप वाळण्यापूर्वी काढावा, रात्री लावू नये आणि पाजण्यापूर्वी स्तन स्वच्छ धुवावा. घट्ट बांधणे व जोराचे मर्दन टाळावे.

५. आहार लघु व द्रव असावा. डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर आणि शतावरीचे कल्प शोथ उतरेपर्यंत बंद ठेवावेत. पारदयुक्त रसकल्प व तीव्र विरेचन स्तनदा मातेस देऊ नये. वेदना व ताप यांसाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन स्तन्यपानकाळात योग्य मात्रेत चालतात. ते घ्यावे लागले तर त्यात कमीपणा मानू नये.

६. २४ तासांत उतार न पडल्यास, थंडी वाजून तीव्र ताप असल्यास किंवा रुग्णा ग्लान दिसल्यास प्रतिजैविकांसाठी विनाविलंब पाठवावे. गाठ मऊ होऊन पू जाणवल्यास सोनोग्राफी करावी. आज पुष्कळदा सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने पू काढता येतो व त्यानंतरही स्तन्यपान चालू राहते. पुनःपुन्हा विद्रधि होत असल्यास किंवा नाडीव्रण भरत नसल्यास क्षयाचा विचार करावा. उपचारांनंतरही लाली व काठिण्य टिकून राहिल्यास, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसल्यास कर्करोग वगळणे आवश्यक आहे. रुग्णा तरुण व स्तनदा आहे, एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती

दुकानात येणारी आजी बहुधा “दूध कमी येतंय, शतावरी द्या” असे म्हणते. शोफामुळे वाहिन्या दबून दूध कमी उतरत असेल, तर स्तन्यजनन औषध देणे म्हणजे तुंबलेल्या पाटात आणखी पाणी सोडणे होय. म्हणून “स्तन दुखतो का, गाठ आहे का, ताप आहे का?” हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. एकाचे जरी उत्तर होकारार्थी आले तरी बाटली परत फडताळात ठेवून तिला वैद्याकडे पाठवावे. दूध आटविण्याची गोळी व प्रतिजैविके चिठ्ठीवाचून कधीही देऊ नयेत. डब्यातील दुधाची शिफारस तर करूच नये. १९९२ चा शिशुदुग्धपर्याय कायदा व त्यातील २००३ ची दुरुस्ती अशा प्रचारास मनाई करते.

त्या मुलीची दुसरी प्रसूती तीन वर्षांनी झाली. दहाव्या दिवशी स्तन दाटताच ती आईसह थेट दवाखान्यात आली. परिचारिकेच्या उपस्थितीत तपासले तेव्हा शोथ आमावस्थेत होता व बाळाची पकड उथळ होती. पकड सुधारली, शीत घड्या दिल्या, लाडू थांबविले आणि दूध चालू ठेवले. दोन दिवसांत शोथ उतरला. मी कोणतेही मोठे औषध दिले नव्हते. पहिल्या वेळी जे करावयास हवे होते, तेवढेच केले.

वैद्यबंधू-भगिनींनी स्तनरोगाचे हे दोन नियम लिहून दवाखान्यात दिसेल अशा ठिकाणी लावावेत, अशी नम्र सूचना आहे : उपनाह बांधू नये, दूध थांबवू नये.