पाण्याचा करार मोडला, तर तहान कोणाच्या वाट्याला?

छत्रपती संभाजीनगर : जायकवाडी धरण याच जिल्ह्यात, पैठणला. तरी शहरातल्या नळाला वर्षानुवर्षं काही काही दिवसांआड पाणी येत आलं. धरण उशाला, कोरड घशाला! यामागे एका मोडलेल्या कराराचीही गोष्ट आहे. शहराची असली तरी गावानंही समजून घ्यावी अशी.

नेमकं काय झालं?

जायकवाडीवरून शहराला नवी 'समांतर जलवाहिनी' टाकायचं ठरलं. खर्च सुमारे ७९२ कोटी रुपये. २०११ मध्ये महापालिकेनं खासगी कंपनीशी करार केला. २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा कंपनीकडे गेला. पण मुख्य पाइपलाइनचं काम सरकेना, लोक वैतागले आणि २०१६ मध्ये महापालिकेनं करार रद्द करायचा निर्णय घेतला. वाद कोर्टकचेरीत गेला. पुढं सरकारनं नवी योजना आणली. ती आधीपेक्षा मोठी आहे हे खरं, पण तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. मधली वर्षं लोकांनी टँकरवर काढली.

भागीदारी म्हणजे काय?

याला 'पीपीपी' म्हणतात. मालमत्ता सरकारचीच राहते. ठरलेली वर्षं कंपनी पाइप टाकते, देखभाल करते, बिल वसूल करते. घातलेला पैसा ती पाणीपट्टीतून आणि सरकारी निधीतून काढते. यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच, की नुकसान झालं तर ते कोणी सोसायचं?

धोका कुठं असतो?

*आधी वसुली, मग काम :* पाइप जमिनीत जायच्या आधीच वसुली कंपनीच्या हातात गेली, तर कामाची घाई कोणाला राहणार?

*दरवाढ :* पाणीपट्टी दरवर्षी वाढणार असं करारातच लिहिलेलं असू शकतं. मग पाणी वाढो न वाढो, बिल वाढतं.

*धरणच आटलं तर :* २०१६ च्या दुष्काळात जायकवाडीत फक्त मृतसाठा उरला होता. अशा वेळी टँकरचा खर्च कोणाचा, हे आधीच लिहिलेलं हवं.

*करार मोडला तर :* पाइपलाइनचे नकाशे, ग्राहकांच्या नोंदी, पंपाची देखभाल कोण, किती दिवसांत परत देणार?

गावाला काय घेणं?

गावातही नळयोजना ठेकेदाराच्या हातून होतात. उद्या देखभाल आणि वसुलीही ठेक्यानं द्यायचा प्रस्ताव येऊ शकतो. तेव्हा ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. काम किती झाल्यावर पैसे देणार? दर कोण वाढवणार? मधेच सोडून गेला तर पाणी कोण देणार? उत्तरं तोंडी नकोत, करारात लिहून घ्या. कंपनी जाऊ शकते, गाव तिथंच राहतं.