ड्रम न फिरता दळणारी मिल

परवा वाशिंदला एका वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेली व्हायब्रेटरी मिल पाहिली. झाकण उघडंच होतं, मग काय!

हिचा ड्रम फिरत नाही, स्प्रिंगांवर थरथरतो. शाफ्टला मुद्दाम एका बाजूला वजन लावलेलं असतं. मिनिटाला 1500 फेरे आणि मधल्या जागेपासून 3 मिमी हेलकावा धरला, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साडेसात पट भरतं. आतल्या गोळ्यांचा प्रत्येक ठोका छोटा, पण ठोके अखंड.

साध्या बॉल मिलचा वेग फार वाढवला, की गोळ्या भिंतीला चिकटून फिरतात आणि दळण बंद. इथे ती कटकट नाही.

सिरॅमिक, रंगद्रव्यं, टंगस्टन कार्बाइडसाठी झकास. मात्र माल आधीच बारीक लागतो, स्प्रिंगा थकतात. आवाजाचं तर विचारूच नका!

कुणी चालवलीय? लायनर किती टिकतं?