पहिला वार कोणाचा, शेवटचा डाव कोणाचा?

सुट्टीच्या दिवशी दुपारी पाणीगेटच्या आतल्या जुन्या वाड्यांवरून जरा चाललात तर एक वाक्य हमखास कानी पडते. ओट्यावर पट मांडलेला असतो, भोवती चार बघे असतात, आणि हरलेला गडी उठता उठता म्हणतो, "पहिली खेळी त्याची होती, म्हणून जिंकला." जिंकलेला हसतो, बघे दोन्हीकडे मान डोलावतात, आणि वाद तिथेच राहतो. दुसऱ्या सुट्टीला पुन्हा तोच पट आणि तेच वाक्य.

हरणाऱ्याची ही सबब आहे की तिच्यात काही तथ्य आहे? मला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. ज्या मुलाच्या मनात एकदा असे बसले की आपण दुसरे आहोत म्हणजे हरलोच, ते मूल खेळायला बसते खरे, पण लढत नाही. तेव्हा या सबबीचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा हे बरे.

सुरुवात घरातल्याच खेळापासून करू. कॅरममध्ये पहिला स्ट्राइक घेणाऱ्याला पांढऱ्या सोंगट्या मिळतात. खेळाडू कसलेला असेल तर त्याच एका पाळीत तो नऊच्या नऊ सोंगट्या राणीसकट घालवू शकतो. त्याला व्हाइट स्लॅम म्हणतात. समोरचा तोवर बोटे चोळीत बसलेला असतो. इथे पहिला वार हाच शेवटचा वार ठरू शकतो. हे ओळखूनच कॅरममध्ये ब्रेक आलटून पालटून देण्याचा नियम आहे. एका बोर्डाला तुमचा, तर पुढच्याला माझा.

आता बुद्धिबळ घ्या. तिथे एका पाळीत एकच मोहरे हलते, आणि पहिल्या खेळीत तर शत्रूच्या अंगाला हातही लागत नाही. मग पहिल्या खेळीचे मोल किती? डब्ल्यू. एफ. स्ट्रीटर नावाच्या गृहस्थांनी १९४६ मध्ये याचा हिशेब मांडला होता. १८५१ ते १९३२ या काळातल्या ४५ आंतरराष्ट्रीय स्पर्धांतले ५,५९८ डाव त्यांनी तपासले. शंभरातले सुमारे ३८ डाव पांढऱ्याने जिंकले, ३१ काळ्याने, आणि उरलेले बरोबरीत सुटले. बरोबरीचा अर्धा गुण धरला तर पांढऱ्याच्या पदरात शेकडा ५३.४ गुण पडतात. म्हणजे फायदा आहे, पण तो रुपयात तीन-साडेतीन पैशांचा आहे. एवढ्या भांडवलावर कोणी घर बांधीत नाही.

त्याच हिशेबातली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १८७८ पर्यंतच्या डावांत पांढऱ्याचा वाटा साडेबावन्नच्या आसपास होता, तो १९१९ नंतरच्या डावांत साडेपंचावन्नच्या घरात गेला. खेळ जसजसा सुधारत गेला तसतसा पहिल्या खेळीचा फायदा वाढला. कच्च्या खेळाडूंच्या डावात दोघांच्याही हातून इतक्या चुका होतात की पहिली खेळी केव्हाच वाहून जाते. तेव्हा ओट्यावरच्या आपल्या गड्याला ही सबब सांगण्याचा अधिकार सर्वांत कमी आहे! ज्यांना तो आहे त्यांचेही एक उदाहरण देतो. २०१७ मध्ये अल्फाझीरो या संगणकाने स्टॉकफिश या दुसऱ्या बलाढ्य संगणकाशी १०० डाव खेळले. त्यांतले २८ त्याने जिंकले, पैकी २५ पांढऱ्याकडून आणि अवघे तीन काळ्याकडून. पण उरलेल्या ७२ डावांचे काय झाले? ते बरोबरीत सुटले. पहिली खेळी रेटा देते, मात देत नाही.

बुद्धिबळवाले लोक वाया न जाता मिळालेल्या एका खेळीला 'टेम्पो' म्हणतात. हा मूळचा इटालियन शब्द, आणि पश्चिमेकडचे गायक-वादक तो लयीसाठी वापरतात. माझा दिवस शिकवण्यांत तबल्या-तंबोऱ्याशेजारी जातो, त्यामुळे हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. बैठकीत दोन कलावंत समोरासमोर बसले की आधी सुरू करणारा राग ठरवतो, लय ठरवतो, आणि श्रोत्यांचे कान आपल्याकडे वळवून घेतो. हा त्याचा टेम्पो. पण दुसऱ्याजवळही एक ठेव असते. त्याने पहिल्याचे ऐकलेले असते! वडील दरबारी वादक होते. ते सांगत की सवाल-जवाबात सवाल करणाऱ्याने आपली पोतडी उघडून दाखवलेली असते, जवाब देणाऱ्याची अजून बंद असते. म्हणूनच श्रोत्यांची मोठी दाद पुष्कळदा जवाबालाच जाते.

पटावरही असेच घडते. हंगेरीचे ग्रँडमास्टर आंद्राश अदोर्यान यांनी आयुष्यभर 'काळ्याचे ठीक चालले आहे' हा एकच झेंडा खांद्यावर घेतला होता आणि त्यावर ग्रंथही लिहिले. आपल्या मराठी माणसांना तर इतके लांब जायला नको. २०२५ च्या जुलै महिन्यात जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी समोरासमोर होत्या. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले. जलद डावांतला पहिला दिव्याने पांढरी मोहरी घेऊन खेळला, तोही बरोबरीत गेला. दुसऱ्यात पहिली खेळी हंपीची होती, काळी बाजू दिव्याची होती, आणि विश्वचषक त्याच डावात दिव्याच्या हाती आला.

इथवर आल्यावर 'पहिला वार म्हणजे काही नाही' असा निकाल देऊन मोकळे व्हावेसे वाटते. पण तोही घाईचा निकाल होईल. याचे कारण मला आमच्या शेजारच्या वाड्यात पाहायला मिळाले. तिथल्या दोघा भावांना परदेशातल्या नातलगांनी बोटाएवढे रंगवलेले शिपाई पाठवले होते. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतात तसे हे मांडायचे, मात्र हे नुसते मांडायचे नसतात तर फुटपट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून गोळीबार करायचा. इंग्लंडात १९८३ मध्ये निघालेल्या वॉरहॅमरपासून असे खेळ जगभर पसरले आहेत. त्याआधी १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने खेळण्यातल्या शिपायांच्या अशाच लढायांवर 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहिले होते.

या भावांच्या खेळात पाळी आली की आपली सगळी फौज एकदम हलवायची आणि सगळ्यांनी एकदम गोळ्या झाडायच्या, असा नियम होता. धाकटा रोज रडवेला होऊन उठे. एके दिवशी तो म्हणाला, "काका, नाणे पडले की खेळ संपतो. मग मी बसू कशाला?" मोठा म्हणे, ही रडारड आहे. मी कागद-पेन्सिल घेऊन दोघांना शेजारी बसवले.

समजा, दहा शिपाई विरुद्ध दहा शिपाई, आणि दोन गोळ्यांतली एक लागते. पहिल्याने दहा गोळ्या झाडल्या, समोरचे पाच पडले. आता उलट मारायला दुसऱ्याकडे दहा नाहीत, पाचच उरले. त्यांच्या गोळ्यांनी दोन-तीन पडतात. पहिल्याकडे सात-आठ शिल्लक. त्यांनी पुन्हा झाडल्या की दुसऱ्याकडे एखाद-दुसरा शिपाई उरतो. दोघांचे बळ सारखे, नेम सारखा, दैवही सारखेच धरले, तरी एकाचा फडशा आणि दुसऱ्याची तीन-चतुर्थांश फौज शाबूत! आधी पडलेला शिपाई नुसता मरत नाही, तो झाडणार असलेल्या साऱ्या गोळ्याही आपल्याबरोबर नेतो. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१६ च्या आपल्या विमानयुद्धावरील ग्रंथात सैन्यबळाचे जे गणित मांडले, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

धाकट्याचे म्हणणे, एवंच, खरे होते. आणि बुद्धिबळाचा हिशेबही खोटा नव्हता. दोन्हींतला फरक पहिल्या-दुसऱ्यात नसून पाळी केवढी मोठी आहे यात आहे. प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्याची संधी मिळण्याआधी तुम्ही त्याचे किती नुकसान करू शकता, यावर पहिल्या वाराचे मोल ठरते. कॅरमच्या एका पाळीत सगळा बोर्ड मावतो, बुद्धिबळाच्या एका पाळीत एक पाऊल मावते.

उपायही मग त्यातूनच निघाला. एका पिशवीत दोघांच्या शिपायांच्या टोळ्यांइतक्या दोन रंगांच्या सोंगट्या घातल्या. जिचा रंग निघेल त्या बाजूने एकच टोळी हलवायची, मग पुन्हा पिशवीत हात. २०१२ मध्ये निघालेल्या बोल्ट अ‍ॅक्शन या इंग्रजी खेळातही पिशवीतून फासे काढून असाच क्रम ठरवतात. यापुढे धाकटा काही रोज जिंकू लागला नाही, पण तो खेळायला बसू लागला, आणि मोठ्याला जिंकण्यासाठी प्रथमच डोके चालवावे लागले. माझ्या लेखी यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची.

हा प्रश्न जगाला नवा नाही. १८२४ मध्ये प्रशियाच्या तोफखान्यातील राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने लष्करी शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देत आणि पंच दोन-दोन मिनिटांच्या हिशेबाने ते दोघांसाठी एकाच वेळी अमलात आणी, म्हणजे पहिला-दुसरा हा भेदच उरत नसे. जपान्यांच्या गो या खेळात काळा आधी खेळतो, म्हणून पांढऱ्याला जपानात साडेसहा आणि चीनमध्ये साडेसात गुण आधीच देऊन ठेवतात. बुद्धिबळातही बरोबरी फोडण्यासाठी 'आर्मागेडन' नावाचा डाव खेळतात. त्यात पांढऱ्याला घड्याळात वेळ अधिक मिळतो, पण डाव बरोबरीत सुटला तर विजय काळ्याचा. कोणी पाळी लहान केली, कोणी ती मोडली, तर कोणी दुसऱ्याला भरपाई दिली.

आपले पूर्वजही या बाबतीत गाफील नव्हते. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात संगीताप्रमाणे बुद्धिबळाचीही दखल घेतलेली आहे, आणि हा ग्रंथ आपल्याच वडोदऱ्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापला गेला, ही आपल्या शहराला भूषणावह गोष्ट. देशी बुद्धिबळात प्यादे आरंभीही एकच घर सरकते, त्यामुळे फौजा उशिरा भिडतात आणि पहिल्या खेळीची धार बोथट होते. काही ठिकाणी तर पटाची आपली बाजू न ओलांडता दोघांनी आरंभीच्या ठरावीक खेळ्या एकदम करून घ्याव्यात, आधी व्यूह रचावा आणि मग लढावे, असा रिवाज होता. आधी मांडणी, मग मारणी, हा विचार त्यामागे दिसतो.

आणि खऱ्या रणांगणाचे काय? त्यासाठी पाणीगेटपासून फार लांब जावे लागत नाही. इथून सुमारे तीस किलोमीटरवर डभोई आहे. १ एप्रिल १७३१ रोजी त्या परिसरात बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची गाठ पडली. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने होते. बाजीरावांची फौज संख्येने कमी होती. लढाईचा निकाल पहिल्या हल्ल्याने लागला नाही. हत्तीवरून लढणाऱ्या त्रिंबकरावांना गोळी लागली आणि राजा पडल्यावर पट उधळावा तशी सेना उधळली.

गंमत अशी की एवढ्यावरही डाव संपला नाही. शाहू महाराजांनी सेनापतिपद त्रिंबकरावांचे बंधू यशवंतराव यांना दिले. ते अल्पवयीन होते, म्हणून पराभूत बाजूच्या पिलाजीरावांकडे त्यांची मुतालकी आणि सेना खासखेल हा किताब आला. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजीरावांचा दगाबाजीने खून झाला. पुढचा वार त्यांच्या घराण्याला सोसावा लागला, पण त्यांचे बंधू महादजी यांनी १७३४ मध्ये वडोदरा घेतले. ते १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत गायकवाडांकडे राहिले. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील याच घराण्याच्या पदरी या गावात आले आणि इथलेच झाले.

डभोईच्या मैदानात ज्यांची सरशी झाली त्यांचा पेशवाईचा डाव १८१८ मध्ये आटोपला, आणि ज्यांची पीछेहाट झाली त्यांचे राज्य त्यापुढे १३१ वर्षे चालले. तेव्हा मुलांना खेळायला बसवताना नाणे जरूर उडवावे, पाळी लहान ठेवावी, भरपाई द्यावी लागली तर तीही द्यावी. एवढे करूनही कोणी दुसरा आलाच, तर त्याला सांगावे की पहिल्या वारातून तगून राहणे ही त्याची पहिली खेळी आहे, आणि ती नीट जमली तर पुढे पट बराच मोकळा असतो.