पिलाचं दुखणं आणि माझी वही

मैत्रिणींनो, मांजराच्या पिलावर लेख म्हटल्यावर तुमच्यापैकी निम्म्या जणी पान उलटतील, हे मला ठाऊक आहे. वर्षभरापूर्वी मीही उलटलं असतं. आमच्या घरात कधी कुणी मांजर पाळलेलं नव्हतं. पण घरात आजारी जीव आहे, त्याला काय झालंय ते कुणालाच नक्की सांगता येत नाही, आणि तरी रोज काहीतरी करावं लागतं, असा प्रसंग आपल्यापैकी कुणावर आलेला नाही? म्हणून ही हकीगत सांगते.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. आमच्या वाशिमकडे त्या दिवसांत सोयाबीन निघालेलं असतं, जिकडे तिकडे कुटाराचे ढीग दिसतात आणि पहाटे गारवा जाणवायला लागतो. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. साडेअकराला घरी निघाले, तर शाळेच्या मागच्या भिंतीशी एक करडं पिलू एकसारखं ओरडत होतं.

मी ते लगेच उचललं नाही. मांजर आपल्या पिलांना सात घरं दाखवतं असं आपल्याकडे म्हणतात, त्यात तथ्य आहे. पिलं हलवताना आई एकेकाला तोंडात धरून नेते आणि बाकीची तोवर एकटी असतात. आपण घाईने उचललं, तर आईपासून तोडल्याचं पाप पदरी यायचं. संध्याकाळी पाचला पुन्हा गेले. पिलू तिथेच होतं, पण आता ओरडतही नव्हतं. हात लावला तर अंग गार. मग मात्र ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

सासूबाईंनी दारातच विचारलं, "बाप्पा! हे काय आणलं वं घरात?" मी दाखवलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपल्या हातून मेलं तं काशीले सोन्याची मांजर द्या लागते, मालूम हाय नं?" सोन्याचा आजचा भाव पाहता पिलू जगवणंच स्वस्त होतं!

पहिली चूक मी त्याच रात्री केली. बाटलीत कोमट पाणी भरून, जुन्या टॉवेलात गुंडाळून पिलाशेजारी ठेवली, ते बरोबर होतं. गार पडलेल्या पिलाला आधी ऊब द्यायची आणि मगच खायला द्यायचं, कारण थंड अंगात पोट काम करत नाही. चुकलं ते दुधाचं. गाईचं दूध पाण्यात मिसळून पाजलं, आणि रात्रभर पिलाला जुलाब झाले. गाईच्या दुधातली साखर बहुतेक मांजरांना पचत नाही. दूध आणि मांजर ही जोडी आपण गोष्टींतच वाचलेली. खरं म्हणजे दूध-भातावर मांजर नीट वाढतच नाही, त्याला मांसाहार लागतोच. आमचं घर माळकरी. शेवटी तोड निघाली ती अशी, की पिलाची वाटी वेगळी, जागा मागच्या ओट्यावर, आणि दुकानातून पिलांसाठी मिळणारं तयार खाद्य आणून कोमट पाण्यात भिजवून द्यायचं. बारीक दात आलेले होते, म्हणजे पिलू महिन्याच्या पुढचं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं ४२० ग्रॅम.

तिसऱ्या दिवशी त्याला तरतरी आली, ते चालायला लागलं आणि आमच्या पोटात गोळाच आला. पाय फाकवून, झिंगल्यासारखं चालायचं. चार पावलं टाकली की कलंडायचं. वाटीशी वाकलं की मान थरथरायची. शेजारणींनी तासाभरात चार निदानं केली. एक म्हणाली कान बिघडलाय, दुसरी म्हणाली कुणीतरी विष घातलंय, तिसरीने अशक्तपणा ठरवला. चौथी हळूच म्हणाली, "पिसाळलेलं तं नाई?"

आणि त्याच दुपारी माझ्या आठ वर्षांच्या मुलीने मनगट पुढे केलं. पिलाचं नख लागलं होतं. रक्त नव्हतं, पण कातडी सोलली होती.

खरं सांगते, तेव्हा माझे हातपाय गळाले. तरी दोन गोष्टी ठाऊक होत्या. जखम नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आणि तसंच उठून सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. दंडाच्या कातडीत द्यायची इंजेक्शनं पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रेबीज एकदा उलटला की त्याला औषध नाही, म्हणून "बघू दोन दिवस" असं इथे कधीच म्हणायचं नाही.

रात्री हे फार बोलले नाहीत. दिवा मालवताना एवढंच म्हणाले, "उद्या ते पिलू लांब सोडून ये."

आई म्हणून मलाही तेच वाटत होतं. पण दवाखान्यात आम्हाला सांगितलं होतं, की जनावर घरातलं असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. ओरखडा किंवा चावा बसला तेव्हा कुत्र्या-मांजराच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल, तर ते दहा दिवसांत आजारी पडून दगावतंच. मी म्हटलं, "अहो, ते सोडून दिलं तर जिवंत आहे की मेलं, हे आपल्याला कळणार कसं?" ह्यांनी पुन्हा दिवा लावला. बराच वेळ आम्ही दोघं गप्प बसून होतो. शेवटी ठरलं: मुलीची लस चालू ठेवायची, पिलू ओट्यावरच्या खोक्यात वेगळं ठेवायचं, आणि त्याला हात फक्त मी लावायचा, तोही जाड हातमोजे घालून.

गावातल्या पशुवैद्यकांकडे पिलू नेलं. ते प्रांजळपणे म्हणाले, "बाई, माझ्याकडे गाई-म्हशी आणि शेळ्या येतात, मांजर वर्षात एखादंच." पण त्यांनी ताप पाहिला, कान तपासले, जंताचं औषध दिलं आणि एक मोलाची गोष्ट सांगितली, "रोज लिहून ठेवा. मला किंवा दुसऱ्या कुणालाही त्याचाच उपयोग होईल."

शाळेतली एक अर्धी कोरी वही घेतली आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहायला लागले. सकाळचं वजन. किती खाल्लं. शी घट्ट की पातळ. झोपेत मिनिटाला श्वास किती. निरोगी मांजराचे ते तिसाच्या आत असतात. हिरड्या गुलाबी की फिक्या. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली तर झटकन बसते का. हळू बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. आणि शेवटचा रकाना, थरथर कधी होते, कधी थांबते.

पहिले तीन-चार दिवस मी ते रकाने धडधडत्या मनाने भरले. पाचव्या दिवशी मागची पानं चाळताना एक गोष्ट लक्षात आली. पिलू गाढ झोपलं की थरथर पूर्ण थांबते. वाटीकडे किंवा चेंडूकडे नेम धरला की वाढते. आणि पहिल्या दिवशी जेवढी होती, तेवढीच आहे. रोज नुसतं बघत राहिले असते, तर भीतीने मला ती दररोज वाढलेलीच दिसली असती!

दहावा दिवस उजाडला. मी खोक्यावरचं फडकं उचललं. पिलाने वर बघितलं, मान हलवली आणि खायला मागितलं. वजन ५१० ग्रॅम. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मुलीची चारही इंजेक्शनं आम्ही पूर्ण केली, ती अर्धवट सोडली नाहीत.

आपला जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, तरी मोठ्या दुखण्याला आपण अजून अकोलाच गाठतो. आम्हीही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पिलाआधी वही वाचली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे लिहिलंत ते फार बरं केलंत."

त्यांनी समजावलं ते असं. शरीराचा तोल सांभाळणारा लहान मेंदू, शाळेच्या पुस्तकात ज्याला अनुमस्तिष्क म्हणतात, तो या पिलाचा बहुधा पुरता वाढलेला नाही. गाभण मांजरीला पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणूचा आजार झाला की पोटातल्या पिलांवर असा परिणाम होतो. पिलू चालायला लागेपर्यंत ते ध्यानात येत नाही. ते दुखत नाही, वाढत नाही, दुसऱ्याला लागत नाही. औषध मात्र नाही. खात्री करायची तर मेंदूची एमआरआय तपासणी लागते, आणि ती करूनही उपचार बदलणार नाही. म्हणजे "बहुधा" हा शब्द आमच्या पिलाला कायमचा चिकटला. त्या शब्दासोबत राहायला आम्ही शिकलो.

तुमच्या दारात असं पिलू आलं तर एवढं लक्षात ठेवा. पाजताना पिलाला पोटावर ठेवा, बाळासारखं उताणं नाही; ठसका लागून छातीत जातं. माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडाची पावडर, कांदा आणि लसूणही घातक. लसी आठ-नऊ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. घरात कुणाला दिवस गेले असतील तर मांजराची घाण तिने साफ करू नये; इतरांनी ती रोजच्या रोज काढावी. आणि श्वास तोंडाने घेत असेल, दिवसभर काही खाल्लं नसेल किंवा शीतून रक्त जात असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

आमचं पिलू आता वर्षाचं झालंय. पिलू कसलं, चांगली मांजरीण आहे. सासूबाईंनीच तिचं नाव ठेवलं, डोलाबाई. फरशीवर पाय घसरतात म्हणून आम्ही ओट्यावर गोणपाट अंथरलंय. वाटी विटेवर ठेवतो, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. तिला भिंतीवर चढता येत नाही, उंदीर तर तिच्यासमोरून आरामात जातो. सासूबाई म्हणतात, "कामाची नाई, पन गुनाची हाय."

वही अजून कपाटात आहे. मध्यंतरी सासूबाईंना वारंवार चक्कर येऊ लागली, तेव्हा मी तिचंच एक कोरं पान काढून रकाने आखले: कधी आली, काय खाल्लं होतं, उठताना की बसल्यावर. डॉक्टरांकडे जाताना ते पान सोबत नेलं. सासूबाई हसून म्हणाल्या, "मले डोलाबाईच्या रांगेत बसवलं का वं?"

बसवलं खरं. आणि त्यात काही चुकलं, असं मला वाटत नाही.