मांजराला पडलेली ‘चाई’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आषाढातली गोष्ट. आमची मांजर चिंगी खिडकीच्या कडाप्प्यावर पाय पसरून निजली होती आणि तिच्या उजव्या कानामागे मला रुपयाएवढा उघडा डाग दिसला. केस मुळाशी तुटलेले, कातडीवर राखेसारखा कोंडा. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “चाई पडलीय गं तिला. कांद्याचा रस चोळ, येतील केस.” समोरच्या काकूंनी खोबरेल तेलात कापूर घालून वाटी आणून दिली. मी ते दोन्ही बाजूला ठेवलं आणि औषधाच्या दुकानातून नायट्याची ट्यूब आणली. आठ दिवस लावली. लाली गेली, हायसं वाटलं. पंधराव्या दिवशी चिंगीच्या शेपटीवर आणि पुढच्या पंजावर नवे डाग होते, आणि माझ्या मुलीच्या दंडावर लाल कडेचं एक वर्तुळ.

आम्ही तिघी चिंगीच्या काळजीनंच बोलत होतो आणि तिघींचेही उपाय चुकीचे होते. केस परत कसे येतील, एवढाच विचार आम्ही केला. ते गेले कशानं, हे कुणी विचारलंच नाही. मांजराच्या अंगावरच्या सारख्याच दिसणाऱ्या डागांमागे बुरशी असते, पिसवा असतात, लूत असते, ॲलर्जी असते, कधी आतलं दुखणंही असतं. यातल्या एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही, उलट बाधतं. म्हणून घरोघरी ऐकू येणारे काही समज एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १ : मांजराचे केस गळतातच, त्यात काय एवढं!

वस्तुस्थिती : केस गळणं आणि टक्कल पडणं या दोन वेगळ्या गोष्टी. नेहमीची गळती सगळ्या अंगावर सारखी होते. सोफ्यावर, साडीवर केस दिसतात, पण मांजराची कातडी कुठे उघडी पडत नाही. एखाद्याच जागी कातडी दिसू लागली, तर तिथे काहीतरी घडतंय हे नक्की.

याला एक अपवाद आहे. डोळा आणि कान यांच्या मधल्या पट्ट्यात बहुतेक मांजरांचे केस जन्मतःच विरळ असतात. आखूड केसांच्या आणि काळ्या मांजरात ते चटकन नजरेत भरतं. दोन्ही बाजूंना सारखंच असेल, कातडी स्वच्छ असेल, तर घाबरू नका. सलाईन किंवा सोनोग्राफीसाठी केस काढले असतील, तर ती जागाही काही आठवडे उघडी राहते.

आणि ‘चाई’ म्हणाल, तर माणसांत ती शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटल्यानं पडते. मांजरांत हा प्रकार फार क्वचित आढळतो.

गैरसमज २ : गोल डाग म्हणजे नायटा, आणि नायटा म्हणजे केस खाणारा किडा

वस्तुस्थिती : नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग आहे, त्यात किडा नसतो. मांजरांत तो बहुतेक वेळा ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ या बुरशीमुळे होतो. ही बुरशी केसांतलं केराटिन खाऊन जगते, म्हणून केस ठिसूळ होऊन तुटतात. पिल्लं, लांब केसांची पर्शियन मांजरं आणि आजारानं अशक्त झालेली मांजरं तिला लवकर बळी पडतात.

प्रत्येक नायटा गोल नसतो आणि प्रत्येक गोल डाग नायटा नसतो. बोक्यांच्या मारामारीत लागलेला दात, इंजेक्शनची जागा, पिसवांची ॲलर्जी, यांचेही डाग गोल दिसू शकतात. उलट एखाद्या मांजराच्या अंगावर काहीच दिसत नाही आणि तरी त्याच्या केसांत बुरशीचे बीजाणू असतात.

म्हणून तपासणी लागते. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत ‘वूड्स लॅम्प’ नावाचा अतिनील दिवा धरतात. बाधित केसांचे दांडे त्यात हिरव्या सफरचंदाच्या रंगानं चमकतात. मात्र सगळ्या बुरशी चमकत नाहीत आणि मलमाचे डागही उजळतात, त्यामुळे लेप लावून नेलेल्या मांजराची तपासणी अवघड होते. अधिक भरवशाची चाचणी म्हणजे कल्चर. त्यासाठी कोरा टूथब्रश अंगभर फिरवतात आणि त्याचे दाते बुरशी वाढवणाऱ्या माध्यमावर दाबतात. निकालाला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. तेवढा धीर धरावा लागतो.

गैरसमज ३ : आमच्या मांजराला पिसवा नाहीत, मी स्वतः पाहिलंय

वस्तुस्थिती : मांजर इतकं टापटिपीचं असतं की दिसलेली पिसू ते चाटून गिळून टाकतं. पिसवा दिसल्या नाहीत म्हणजे नाहीत, असं म्हणता येत नाही. शिवाय ज्या मांजराला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते, त्याला मोजके चावेही पुरतात. कमरेचा मागचा भाग, शेपटीचं बूड, मांड्यांची आतली बाजू आणि पोट इथले केस जातात. हात फिरवला की कातडीवर मोहरीएवढ्या खपल्या लागतात.

घरी करता येईल अशी एक खूण सांगते. पांढरा कागद जमिनीवर ठेवा, मांजराला त्यावर उभं करा आणि शेपटीच्या बुडापासून बारीक दातांचा कंगवा फिरवा. मिऱ्याच्या पुडीसारखे काळे कण पडले, तर ते ओल्या कापसानं टिपा. मातीचे असतील तर काळेच राहतील. कापसावर तांबूस-तपकिरी ओघळ पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मांजराच्या गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते पिसवांतून पोटात जाणाऱ्या पट्टकृमीचे असू शकतात.

पिसवांची मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती अंडी मांजराच्या अंगावरून घरंगळून सतरंजीत, सोफ्याच्या खाचांत, फरशीच्या फटींत जातात. म्हणून मांजराच्या औषधाबरोबर घराचीही स्वच्छता लागते आणि घरातल्या प्रत्येक मांजर-कुत्र्याला त्याचं त्याचं औषध द्यावं लागतं. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, पिसवांना जवळपास बारा महिने सुगी असते.

गैरसमज ४ : ती खाजवताना दिसत नाही, म्हणजे खाज नाही

वस्तुस्थिती : कुत्रा पायानं खाजवतो आणि ते आपल्याला दिसतं. मांजर खाज चाटून भागवतं, आणि आपल्याला वाटतं ती अंग साफ करतेय. पुष्कळ मांजरं हे कपाटामागे, पलंगाखाली किंवा रात्री आपण झोपल्यावर करतात. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले केराटिनचे काटे असतात. तीच जीभ एका जागी तासन्‌तास फिरली, तर तिथले केस वस्तऱ्यानं काढल्यासारखे जातात.

डागाच्या कडेवरून उलटा हात फिरवून पाहा. दाढीच्या खुंटासारखं टोचलं, तर केस गळलेले नाहीत, चाटून तुटलेले आहेत. डॉक्टर चार केस सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. निरोगी केसाचं टोक निमुळतं असतं, चाटलेल्याचं तुटकं. उलटीत नेहमीपेक्षा जास्त केसांचे गोळे निघणं ही आणखी एक खूण.

एवढं चाटण्याला प्रत्येक वेळी खाजच कारण असते, असंही नाही. मूत्राशयाला सूज आली की मांजर ओटीपोट चाटत राहतं. सांधे दुखत असले की त्या सांध्यावरचे केस जातात. कानांच्या कडा, कपाळ आणि मान इथे जाड, राखाडी पापुद्रे धरले असतील आणि खाज अनावर असेल, तर बारीक कोळ्यासारख्या जिवांमुळे होणारी लूत असू शकते. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लांत ती तपासून घ्यायलाच हवी.

गैरसमज ५ : घरात नवं बाळ आलं, तिनं मनाला लावून घेतलं

वस्तुस्थिती : ताणामुळे मांजर स्वतःचे केस चाटून काढतं, हे खरं आहे. पण आपण समजतो त्याहून हे पुष्कळ कमी वेळा घडतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक कारणानं टक्कल पडल्याचा संशय असलेली २१ मांजरं नीट तपासली. त्यांतल्या १६ जणींना प्रत्यक्षात शारीरिक आजार निघाला, तिघींना आजार आणि ताण दोन्ही, आणि निव्वळ मानसिक कारण फक्त दोघींत सापडलं.

याचा अर्थ एवढाच, की ‘टेन्शन’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. आधी पिसवा, बुरशी, लूत, मग अन्नाची ॲलर्जी तपासायची. अन्नाची ॲलर्जी शोधायला रक्ताच्या चाचणीवर विसंबता येत नाही. साधारण आठ आठवडे डॉक्टरांनी ठरवून दिलेला एकच आहार द्यावा लागतो. त्यात कुणी प्रेमानं माशाचा एक तुकडा पुढे केला, तरी सगळी मेहनत वाया जाते.

गैरसमज ६ : घरगुती उपाय आणि माणसांची मलमं, अपाय तर होणार नाही ना!

वस्तुस्थिती : या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. मांजराच्या अंगाला जे लावाल, ते त्याच्या पोटात जाणार. आपण चोळून पाठ वळवली की ते चाटायला बसतं. आणि मांजराच्या यकृतात कित्येक रसायनं निकामी करण्याची यंत्रणा फारच दुबळी असते. माणसाला, कुत्र्याला सहज पचणारी गोष्ट त्याला विष ठरते.

कांदा आणि लसूण यांनी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. कापूर कातडीतूनही अंगात भिनतो आणि झटके आणू शकतो. टी-ट्री तेल, फिनेल आणि फिनॉलवर्गीय जंतुनाशकं धोक्याची. केस उगवायला माणसं लावतात ते मिनॉक्सिडिल मांजराच्या जिवावर बेतू शकतं, लावणाऱ्याच्या उशीला लागलेला अंशसुद्धा. कुत्र्याच्या मानेवर घालायच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजर थरथर कापू लागतं, फेफरं येतं. पुडीवर कुत्र्याचं चित्र असेल, तर ते औषध मांजराला घालायचं नाही.

आणि माझ्या हातून झालेली चूक. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या नायट्याच्या बऱ्याच ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं लाली आणि खाज झटपट कमी होते, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. चिंगीची लाली गेली तेव्हा आम्ही निश्चिंत झालो, आणि बुरशी अंगभर पसरत गेली.

गैरसमज ७ : नायटा माणसांना होतो, तेव्हा मांजर घराबाहेर काढा

वस्तुस्थिती : तो माणसांना होतो, हे खरं. लहान मुलं, वृद्ध, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांनी जास्त जपावं. पण तो बरा होणारा आजार आहे. माझ्या मुलीचा डाग त्वचारोगतज्ज्ञांच्या औषधानं तीन आठवड्यांत गेला.

मांजराला बाहेर सोडून संसर्ग थांबत नाही. बीजाणू गळलेल्या केसांबरोबर घरातच असतात आणि अनुकूल जागी वर्षभरही टिकतात. बाहेर गेलेलं आजारी मांजर मात्र गल्लीतल्या पिल्लांना बाधा देतं. उपासमारीनं, तहानेनं हाल होतील अशा ठिकाणी पाळीव प्राण्याला टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

करायचं ते असं. मांजराला पुसायला सोपी जाईल अशी एक खोली द्या, पण एकटं पाडू नका, खेळवा, बोला. रोज केस गोळा करा, फरशी साबणानं धुवा, मग पातळ ब्लीचनं पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत मांजराला तिथे सोडू नका. त्याची पांघरुणं वेगळी आणि दोनदा धुवा. हाताळल्यावर हात धुवा. घरातली बाकीची मांजरंही तपासून घ्या.

गैरसमज ८ : केस आले, औषध संपलं

वस्तुस्थिती : नायट्यात पोटातून औषध आणि अंगाला औषधी शॅम्पू किंवा द्रावण असा दुहेरी उपचार लागतो. तो किती दिवस, हे केसांवरून ठरवायचं नाही, कल्चरवरून ठरवायचं. चिंगीच्या कानामागे सहाव्या आठवड्यात मऊ लव आली, आणि त्याच आठवड्याच्या अहवालात बुरशी होती. तेव्हा थांबलो असतो, तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

डाग दिसला तर

डागाशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, तारीख लिहा. काही लावू नका, आंघोळ घालू नका. नवं मांजर घरात आलं का, खाणं बदललं का, घरात कुणाला खाज आहे का, लघवी नीट होते का, हे टिपून ठेवा आणि पशुवैद्यांकडे जा. डाग ओला असेल, झपाट्यानं पसरत असेल, तर वाट पाहू नका. बोका लघवीला बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, किंवा अंगाला काही लावल्यावर लाळ गळू लागली, कापरं भरलं, तर त्याच तासात दवाखाना गाठा आणि लावलेल्या औषधाची पुडी बरोबर घ्या.

चिंगीचे दोन अहवाल लागोपाठ निर्मळ आले, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, कानामागचे केस बोटानं उलटे करून कातडी पाहिली आणि मला म्हणाल्या, “आता पाठ दाखव बघू. कंगवा आण, आणि तो पांढरा कागदही.”