पेशीतले थेंब आणि बेडकाचं अंडं

शाळेच्या पुस्तकातल्या पेशीत प्रत्येक गोष्ट आपापल्या पिशवीत असते. केंद्रकाला दुहेरी आवरण, मायटोकॉन्ड्रियालाही तसंच. पण पेशीत असेही पुष्कळ ठिपके आहेत, ज्यांना पटल असं नाहीच. तरी ठरावीक प्रथिनं आणि आरएनए तिथेच गोळा होतात.

क्लिफर्ड ब्रँगविन या जीवभौतिकशास्त्रज्ञाने ड्रेस्डेनला टोनी हायमन यांच्यासोबत काम करताना असेच ठिपके न्याहाळले. सी. एलिगन्स हा जेमतेम मिलिमीटरभर कृमी. त्याच्या अंड्यातले पी-ग्रॅन्यूल्स नावाचे हे ठिपके मागच्या टोकाला जमतात; पुढे जननपेशी त्याच बाजूने घडतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते असं, की पुढच्या बाजूचे कण जागीच विरघळत होते आणि मागे नवे धरत होते. केंद्रकाला चिकटलेले कण दाबल्यावर ओघळले, सुटले, एकमेकांत मिसळून पुन्हा गोल झाले, रश्श्यावरचा तेलाचा तवंग मिसळतो तसे. म्हणजे हे घन कण नव्हेत, द्रव थेंब. रेणूंचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की ते एकमेकांना धरून वेगळे होतात. ती मर्यादा कुठे किती, हे पेशी ठरवते. हा शोध 2009 मध्ये 'सायन्स'मध्ये आला.

मला मात्र जास्त आवडतं ते ब्रँगविन यांचं प्रिन्स्टनमधलं नंतरचं काम. झेनोपस बेडकाची अंडपेशी मिलिमीटरभर, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. तिच्या केंद्रकात न्यूक्लिओलस नावाचे शेकडो ठिपके असतात, तेही थेंबच. आता थेंब आजूबाजूच्या द्रवापेक्षा जड असेल तर तो खाली बसायला हवा. बसत नाही, कारण ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंची विरळ जाळी त्यांना झेलून धरते. मरीना फेरिक आणि ब्रँगविन यांनी ती जाळी मोडून पाहिली. थेंब सरळ तळाशी गेले आणि मिसळून मोठाले झाले. हे 2013 मधलं काम. नेहमीच्या इवल्याशा पेशीत मात्र रेणूंच्या धक्काबुक्कीपुढे गुरुत्वाकर्षणाचं काही चालत नाही. बहुतेक पेशी लहान असण्याचं एक कारण यातही असू शकेल, असं दोघांनी सुचवलं.

थेंब नेहमी थेंबच राहतो असं नाही. एएलएस या चेतापेशींच्या आजाराशी संबंधित एफयूएस प्रथिनाचे थेंब परीक्षानळीत हळूहळू घट्ट, तंतुमय होतात. आजारातले जनुकीय बदल हा वेग वाढवतात, हे हायमन यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवलं.

2023 चं ब्रेकथ्रू पारितोषिक ब्रँगविन आणि हायमन यांना मिळालं. तोवर दिसेल त्या ठिपक्याला थेंब म्हणायची लाटच आली होती. नुसतं गोल दिसणं हा काही पुरावा नव्हे. जिवंत पेशीत तो ठिपका खरोखर द्रव आहे का, आणि असला तर त्याने पेशीचं कोणतं काम होतं, हे दर वेळी वेगळं सिद्ध करावं लागतं.