गावाकडे आई-वडील एकटेच राहतात? मग १४५६७ नंबर आणि ‘गुड मॉर्निंग’चा ग्रुप, दोन्ही कामाचे आहेत

जयसिंगपुरात पत्ता विचारला की गल्लीचा नंबर सांगतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं हे आखीव-रेखीव गाव. आज इथल्याही कितीतरी घरांत आई-वडील गावी आणि पोरं पुण्या-मुंबईला, असंच चित्र आहे. सण आला की महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, एरवी व्हिडिओ कॉल.

२०१७-१८ च्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढचे सुमारे ६ टक्के लोक एकटे राहतात. आणखी सुमारे २० टक्के फक्त नवरा-बायको.

अशांसाठी सरकारची ‘एल्डरलाइन’ आहे. नंबर १४५६७, टोल फ्री, सकाळी ८ ते रात्री ८. टाटा ट्रस्ट्सनं २०१७ मध्ये हैदराबादेत सुरू केलेला हा उपक्रम २०२१ मध्ये देशभर गेला. महाराष्ट्रात त्याची जबाबदारी पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनकडे आली. पेन्शनची, कायद्याची माहिती मिळते, घरात छळ होत असेल तर मदत मिळते आणि नुसतं बोलायचं असेल तरी फोन चालतो.

पण हेल्पलाइन गल्लीत येऊन दार वाजवत नाही. ते काम शेजारच्या पोरांचं.

पेन्शनरांचा हयातीचा दाखलाच घ्या. साखर कारखान्यात, सूतगिरणीत आयुष्य काढलेल्यांना ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते. किमान रक्कम १००० रुपये, पण ती चालू ठेवायला दरवर्षी हयात असल्याचा पुरावा द्यावा लागतो. काम करून बोटं झिजलेली असतात, मशीनवर अंगठा उमटत नाही. म्हणून जीवन प्रमाणच्या अ‍ॅपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली. त्यासाठी आजोबांकडे स्मार्टफोन असायलाच हवा असं नाही. फोनवाला आधी ऑपरेटर म्हणून स्वतःची ओळख पटवतो, मग आजोबांचा आधार नंबर, पीपीओ नंबर, बँक खातं भरून चेहरा स्कॅन करतो. म्हणजे एक पोरगं एका फोनवर अख्ख्या गल्लीचे दाखले काढू शकतं. तसं कुणी नसेल तर पोस्टमनही घरी येऊन हे काम करतो.

यात एक धोका आहे. मदतीला आलेल्याच्या हातात आधार आणि ओटीपी दोन्ही जातात. त्यामुळे माणूस ओळखीचा हवा, अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं आणि आधारचे फोटो फोनमध्ये ठेवायचे नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’ असं कायद्यात काहीच नाही, हेही आजी-आजोबांना एकदा नीट सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

आता त्या बदनाम गुड मॉर्निंग मेसेजबद्दल. गुलाबाचं फूल पाहून आपण ग्रुप म्यूट करतो. पण ज्येष्ठांच्या ग्रुपवर तीच हजेरी होऊ शकते. रोज सातला फूल टाकणाऱ्या काकू नऊपर्यंत गप्प असतील तर कुणीतरी फोन करायचा, फोन उचलला नाही तर दार वाजवायचं. फक्त ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, हे आधीच ठरवावं लागतं.

शिरोळ तालुक्यानं २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेत. वीज गेली की चार्जिंग जातं आणि ग्रुपही थंड पडतो. त्यामुळे एकट्या राहणाऱ्यांची नावं, गल्ली, चालू असलेली औषधं आणि मुलांचे नंबर एका वहीत पेनानं लिहून ठेवायचे. ही वही पावसाळ्याआधी तयार हवी.